वारसांच्या यादीत ठाकुमा

वारस नोंद हे महसूल खात्यातलं सगळ्यात साधं काम समजलं जातं. माणूस गेला की ग्रामपंचायतीतून मृत्यूचा दाखला काढायचा, सगळ्या वारसांची नावं घालून प्रतिज्ञापत्र करायचं आणि अर्ज तलाठ्याकडे द्यायचा. (तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं असतं, गावात कुणी म्हणत नाही.) तलाठी गाव नमुना ६-क मध्ये, म्हणजे वारसांच्या नोंदवहीत, नावं लिहितो, चौकशी करतो, मग फेरफार धरतो, नोटीस काढतो आणि हरकतीसाठी १५ दिवस थांबतो. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात, नावं सातबाऱ्यावर चढतात. शेजारच्या गावातल्या एका गोंड बाईचं हे काम रोवणीला सुरू झालं आणि धान कापायच्या आत संपलं.

आमचं लांबलं, आणि कशानं लांबलं ते सांगायचं तर आधी आम्ही कोण ते सांगावं लागेल. गडचिरोली जिल्ह्यात मुलचेरा आणि चामोर्शी तालुक्यांत बंगाली गावं आहेत. पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांना साठच्या दशकात इथं वसवलं. तेव्हा हा सगळा चांदा जिल्हा. गडचिरोली वेगळा झाला तो १९८२ साली. त्यातलं एक गाव माझं माहेर. घरात बंगाली, शाळा मराठी, त्यामुळे लिहायला बसलं की मराठीच येतं. लग्न होऊन मी चामोर्शीकडे आले, तिथंच अंगणवाडी सेविका आहे.

बाबांच्या नावावर पाच एकर धानाची जमीन होती. भोगवटादार वर्ग-२, म्हणजे सरकारनं दिलेली, विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागणारी. वारसानं नाव लावायला मात्र परवानगी लागत नाही. बाबा गेले तेव्हा मागे राहिलो आम्ही पाच जण: आई, मी, मधली बहीण, धाकटा भाऊ आणि बाबांची आई. तिला आम्ही ठाकुमा म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे, कान शाबूत, एक डोळा गेलेला, श्रावणबाळ योजनेचे पैसे स्वतःच्या खात्यात आणि पासबुक स्वतःच्या उशीखाली.

भावानं अर्ज केला त्यात दोनच नावं होती, त्याचं आणि आईचं. मला कळलं ते मोबाइलवर. महाभूमीच्या संकेतस्थळावर ‘आपली चावडी’ म्हणून भाग आहे, तिथं गावातल्या चालू फेरफारांच्या नोटिसा दिसतात. पोषण ट्रॅकर ॲप भरून भरून आम्हा सेविकांना एवढं तर येतंच. कागदी नोटीस माझ्याकडे येण्याचा प्रश्न नव्हता, ज्यांची नावं अर्जात असतात त्यांनाच ती जाते.

मी भावाला फोन केला. तो चिडला नाही, उलट समजुतीच्या सुरात बोलला. ‘दिदी, तुझ्या लग्नात बाबांनी दिलं ना? तू आता त्या घरची.’ शेत त्यानं केलं, बाबांना डायलिसिससाठी गडचिरोलीला नेणं-आणणं त्यानं केलं, हे खरंच होतं आणि मी ते नाकारलं नाही. मी एवढंच म्हटलं की यादीत नावं तर सगळ्यांची असली पाहिजेत. पुढं कुणी काय करायचं ते बसून ठरवू. मधल्या बहिणीला त्यानं आधीच हक्कसोडपत्रासाठी तयार केलं होतं. तिचं म्हणणं, ‘नाव लावून काय करू, माहेर तुटेल.’ हे वाक्य मी अंगणवाडीत किती बायकांच्या तोंडून ऐकलंय. कुणबी, तेली, गोंड, बंगाली, कुणाच्याही.

भावाच्या एका शिकलेल्या मित्रानं मधे सांगून टाकलं की बंगाली हिंदूंचा कायदाच वेगळा, तो दायभाग, त्यात मुलीला नाही. मी घाबरले, कारण दायभाग हा शब्द खरा आहे हे मला माहीत होतं. गडचिरोलीतल्या एका वकीलबाईंकडे गेले. त्यांनी हसून सांगितलं की बंगालात दायभाग आणि इकडे मिताक्षरा हे जुनं झालं. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानं दोघांना एकाच दावणीला बांधलंय. पुरुष मृत्युपत्र न करता गेला तर कलम ८ प्रमाणे पहिल्या वर्गाचे वारस सारखे: विधवा, मुलगे, मुली. आणि मग त्यांनी मान वर करून विचारलं, ‘वडिलांची आई आहे का?’

आहे म्हटलं.

‘मग तीही. मुलाच्या मालमत्तेत आई पहिल्या वर्गाची वारस असते. पाच वाटे होतील.’

मी माझ्यासाठी गेले होते. ठाकुमाचं नाव माझ्याही डोक्यात नव्हतं, आईच्याही नव्हतं. मी मुदतीत लेखी हरकत दिली आणि तिच्यात तीन नावं घातली: माझं, बहिणीचं आणि ठाकुमाचं. हरकत आली की नोंद वादग्रस्त होते, गाव नमुना ६-अ मध्ये जाते आणि सुनावणी लागते.

सुनावणीत अधिकाऱ्यानं भावाला पहिला प्रश्न विचारला, ‘धान किती होते?’ मला पहिला प्रश्न, ‘तुम्ही मूळच्या कुठल्या?’ मी गावाचं नाव सांगितलं. ‘नाही, मूळच्या?’ त्याच खोलीत, त्याच आई-बापाची दोन लेकरं उभी होती. मी सांगितलं, माझा जन्म १९८५चा, इथल्याच सरकारी दवाखान्यातला. १ जुलै १९८७च्या आधी भारतात जन्मलेला माणूस जन्मानंच नागरिक असतो. हे वाक्य मला पाठ आहे. आमच्या गावात बऱ्याच जणांना पाठ असतं, शेजारच्या गावांत कुणालाच असण्याची गरज पडत नाही. अधिकारी म्हणाला, ‘बाई, मी सहज विचारलं.’

बाजूला बसलेल्या कारकुनानं तेवढ्यात गंमत केली, ‘साहेब, सांभाळून. यांच्या बायकांले जादू येते म्हणते.’ सगळे हसले. भाऊही हसला.

ही गंमत मला जुनी आहे. २००८ साली मी अंगणवाडीत लागले तेव्हा पहिल्या काही महिन्यांत एका घरी बाळंतिणीला भेटायला गेले होते. सासूनं दारातच अडवलं. ‘बंगालीन हाय, पोराले नोको दावू.’ आत बाळाचं वजन करायचं होतं, काटा माझ्या हातात. मी अंगणातच बसून राहिले, शेवटी मदतनीस ताई आत गेल्या आणि वजन बाहेर ओरडून सांगितलं. बंगालची काळी जादू ही गोष्ट बसस्टँडच्या भिंतीवरच्या ‘बाबा बंगाली’च्या जाहिरातींतून सगळीकडे पोचलेली आहे, पण पुरुषाला ती चिकटते तेव्हा त्याचा धंदा होतो आणि बाईला चिकटते तेव्हा तिला दारात थांबवतात. जादूटोणाविरोधी कायदा २०१३ साली आला. तो आला म्हणून नव्हे, पण त्याच सासूच्या पुढच्या नातवाला मी मांडीवर घेऊन लस टोचून आणली. तोवर तिनं मला पाच वर्षं पाहिलेलं होतं. नव्या गावात गेलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात, हे मात्र नक्की.

सुनावणीचं खरं घोडं अडलं ते ठाकुमापाशी. अधिकाऱ्यानं कागद मागितले: ही मयताची आई आहे याचा पुरावा द्या. आणि आवाज जरा खाली आणून, ‘जन्म पाकिस्तानातला ना? मग कशी वारस?’

आता ठाकुमाची गोष्ट. खुलना जिल्ह्यातलं गाव, नमःशूद्र शेतकरी कुटुंब. जानेवारी १९६४च्या दंगलीत आजोबा मारले गेले. ती विशीची, कडेवर तीन वर्षांचे बाबा. थोरला दीर आणि जाऊ यांच्याबरोबर बनगावची सीमा ओलांडून आली, तिथून आगगाडीनं रायपूरजवळच्या माना कॅम्पात. तंबूत राहणं, रांगेत तांदूळ घेणं. निर्वासितांच्या सरकारी दप्तरात एक वर्ग होता, पर्मनंट लायबिलिटी, म्हणजे सरकारवरचा कायमचा भार. म्हातारे, अपंग आणि ज्यांच्यामागे कर्ता पुरुष नाही अशा बायका त्यात जायच्या. जमीन मिळायची ती कामाचा पुरुष असलेल्या कुटुंबाला. विशीची बाई, जिनं पुढं चाळीस वर्षं चिखलात वाकून रोवणी केली, ती भार. आणि दमेकरी दीर कर्ता. ती भारात जाऊ नये म्हणून दिरानं तिला आपल्या कार्डात घेतलं. त्याचे उपकार ती अजून सांगते. त्या कार्डाची मळकी प्रत आमच्याकडे आहे. कुटुंबप्रमुखाचं नाव पूर्ण लिहिलंय, बापाच्या नावासकट. खाली: प्रौढ पुरुष १, प्रौढ स्त्रिया २, मूल १.

दोनातली एक ती.

दिराला मूलबाळ झालं नाही, जाऊ आधीच गेली होती. दिरामागे जमीन पुतण्याच्या, म्हणजे बाबांच्या, नावावर आली. मधे १९७८ साली माना आणि मलकानगिरीकडची हजारो माणसं दंडकारण्यातल्या निर्वासित वसाहती सोडून सुंदरबनात मरिचझापीला निघाली, तेव्हा दिराच्याही मनात आलं होतं. ठाकुमानं नकार दिला. म्हणाली, बांधीत धान उभं आहे, ते कोण कापेल? मरिचझापीत १९७९ साली पोलिसांनी नाकेबंदी करून माणसांना उपाशी ठेवलं, गोळीबार केला, वस्ती मोडली, ते पुढं सगळ्यांना कळलं. आम्ही सगळे आहोत ते तिच्या त्या नकारामुळे, असं मला वाटतं. पण हे कुठल्या नमुन्यात लिहायचं?

आणि एक सांगायला हवं. आमच्या बांध्या जिथं आहेत तिथं आधी जंगल होतं, त्यात मोहफूल वेचणाऱ्या, तेंदू तोडणाऱ्या बायका होत्या. जमीन रिकामी होती असं आमच्यातले जे म्हणतात ते खोटं बोलतात. माडिया, गोंड शेजाऱ्यांच्या मनात आमच्याबद्दल जे आहे त्याला कारण आहे, ते जादूच्या थट्टेसारखं उगीच नाही.

कागद जमवायला लागले. ठाकुमाकडे नागरिकत्वाचं प्रमाणपत्र आहे, सत्तरच्या दशकातलं, प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेलं. त्यावर ती अमक्याची विधवा. बाबांच्या शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात वडिलांचं नाव आहे, आईच्या नावाचा रकानाच नाही. सरकारनं कागदांवर आईचं नाव सक्तीचं केलं ते २०२४ साली. बाबा शाळेत गेले ते त्याच्या अर्धशतक आधी. आधार कार्डावर नवऱ्याचं किंवा बापाचं नाव. रेशन कार्डावर एकत्र नावं होती, पण नात्याच्या रकान्यात ठाकुमासमोर कुणीतरी ‘इतर’ लिहून ठेवलं होतं. साठ वर्षं जिनं त्याला भात वाढला ती इतर.

कुणीतरी सुचवलं की नागरिकत्व दुरुस्तीच्या नवीन कायद्याखाली, ज्याचे नियम मार्च २०२४ मध्ये निघाले, नागरिकत्वाचा अर्ज करून टाका, पक्कं होईल. वकीलबाईंनी ठाम नाही म्हटलं. ज्याच्याकडे प्रमाणपत्र आहे त्यानं पुन्हा अर्ज करायचा म्हणजे आपण आजवर नागरिक नव्हतो असं आपल्याच सहीनं लिहून द्यायचं. शिवाय इथं प्रश्न नागरिकत्वाचा नाहीच, आई असण्याचा आहे.

याच वकीलबाईंनी मला आणखी एक गोष्ट सांगितली. त्या बौद्ध आहेत, दरवर्षी दीक्षाभूमीला जातात. म्हणाल्या, ‘१९४६ साली बाबासाहेबांना संविधान सभेत जायला मुंबई प्रांतातून वाट मिळाली नाही, ती बंगालातून मिळाली. ती वाट काढून देणारे जोगेंद्रनाथ मंडल तुमच्याच समाजाचे. जेसोर-खुलन्यानं निवडून दिलेला माणूस आमचा बाप.’ फाळणीत तो भाग पाकिस्तानात गेला, जागा गेली आणि १९४७ साली ते मुंबईतून पुन्हा निवडून आले. मी बारावीनंतरचे फॉर्म आठवले. पश्चिम बंगालच्या यादीत नमःशूद्र अनुसूचित जात आहे, महाराष्ट्राच्या यादीत ती नाही, त्यामुळे मी खुल्या प्रवर्गात. आणि यादीत असती तरी १० ऑगस्ट १९५०च्या आधीचा इथला पुरावा लागला असता. त्या दिवशी ठाकुमा खुलन्यात परकर नेसून मासे धरत असेल. मुलग्यांनी खुल्या प्रवर्गातून निदान प्रयत्न करून पाहिले. मुलींचं शिक्षण तिथंच थांबवलं, ‘फी भरून काय उपयोग’ म्हणून. मी सेविका झाले ते त्याच हिशेबात. वकीलबाईंनी माझ्याकडून अर्धीच फी घेतली. मी पूर्ण देऊ केली तर म्हणाल्या, मागचं देणं आहे.

नातं सिद्ध झालं ते शेवटी जुन्या मतदार यादीच्या नकलेतून. एकाच घर क्रमांकावर लागोपाठ दोन नावं: बाबांचं नाव, त्यापुढे वडील अमुक, ठाकुमाचं नाव, त्यापुढे पती अमुक. अमुक एकच. आई आणि मुलगा एकमेकांचे आहेत हे दाखवायला आम्हाला सीमेच्या अलीकडे कधीच पाय न ठेवलेल्या, साठ वर्षांपूर्वी मेलेल्या पुरुषाची साक्ष काढावी लागली. सोबत पोलीस पाटलांचा आणि दोन म्हाताऱ्या शेजाऱ्यांचा जबाब. त्यातले एक गोंड होते. त्यांनी झाडीबोलीत दिलेला जबाब कारकुनानं शुद्ध मराठीत लिहिला आणि त्यातलं चांगलं वाक्य घालवलं. ते म्हणाले होते, ‘हे बाई त्याची माय नसंल तं माही माय बी माही नाय.’

ठाकुमाला सुनावणीला न्यायचं ठरलं तेव्हा भाऊ तिला मोटारसायकलवर बसवून घेऊन आला. हे मला अपेक्षित नव्हतं. माझ्याशी तेव्हा तो धड बोलत नव्हता. वाट पाहताना चहाच्या टपरीवर त्यानं स्वतःहून विषय काढला. काही वर्षांपूर्वी तो इथल्या मजुरांबरोबर तेलंगणात मिरची तोडायला गेला होता. तिथं बाकीच्यांना सोडून एकट्याला पोलिसांनी बसवून ठेवलं, बांगलादेशी म्हणून. मीच तेव्हा रात्री शाळेचा दाखला, आधार, बाबांचा सातबारा असे सगळ्यांचे फोटो काढून पाठवले होते. ‘सातबारा पाहून सोडलं मला,’ तो म्हणाला. ‘म्हणून त्याच्यावर जास्त नावं नको वाटतात. नावं वाढली की कुणी ना कुणी चौकशी काढतं. त्यात तिचं, तिकडच्या जन्माचं.’

मला त्याचं पटलं नाही, पण त्या दिवसापासून तो फक्त जमिनीला हपापलाय असं म्हणणं मी सोडलं. भीती खरी होती. फक्त ती भागवायला त्यानं घरातल्या बायकांची नावं काढली, स्वतःचं काढलं नाही.

ठाकुमाला अधिकाऱ्यानं विचारलं, ‘आजी, हा तुमचा मुलगा होता?’ ती बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिली. मग तिच्या बंगाली-मराठीत म्हणाली, ‘तूच सांग ना, तुझी आई कागद बघून तुला दूध दिली?’ अधिकारी वाईट माणूस नव्हता, ओशाळला. कारकुनानं मान खाली घातली. आदेश पुढच्या महिन्यात झाला. पाचही नावं, सारखे हिस्से.

त्यानंतर सगळं गोड झालं असं नाही. बहिणीनं हक्कसोडपत्र अजून केलेलं नाही आणि करणार नाही असंही म्हणत नाही. आई मला फोनवर तब्येत सांगते, जमिनीचं नाव काढत नाही. मी माझा हिस्सा वेगळा मागितलेला नाही. वर्षाला चार पोती धान येतं ते घेते. भावजय पाखांजूरकडची, म्हणजे छत्तीसगडातल्या बंगाली वस्तीतली. तिचं सासर, माहेर दोन्हीकडचं रेशन कार्ड एकदा तपासून दे म्हणून ती मला गुपचूप भेटली. तिच्या माहेरीही सातबाऱ्यावर दोन भावांचीच नावं आहेत.

या हंगामात आधारभूत केंद्रावर धान विकायची नोंदणी करताना सगळ्या सहहिस्सेदारांचं संमतीपत्र लागलं. आम्ही बाकीच्यांनी सह्या करून दिल्या. ठाकुमानं अंगठा दिला नाही. आधी भाव विचारला, मग बोनस किती ते विचारलं, मग पैसे कुणाच्या खात्यात जाणार ते. उत्तरं ऐकून म्हणाली, माझ्या वाट्याचं विकायचं नाही, मला मुरी (मुरमुरे) भाजायला पाहिजे. पाचव्या हिश्शाच्या धानाची मुरी अख्ख्या गावाला सहा महिने पुरेल. भावानं मला फोन केला, ‘दिदी, हे तू करून ठेवलंस, आता तूच समजाव.’ मी गेले. दोन तास बोलणी झाली आणि तीन पोत्यांवर तोड निघाली. भाऊ ती पोती मोजून वेगळी ठेवायला उठला, तर ती म्हणाली, ‘थांब, माझ्यासमोर मोज.’